मिस्साला शस्त्र घेऊन यावे का?



आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांतला एखादा मुलगा, एखादी लेक, सून किंवा जावई आज अमेरिकेत आहे. रविवारी त्यांच्याशी फोनवर बोलणे होते तेव्हा आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मिस्साला गेला होतास ना?" अलीकडे तिकडून एक वेगळाच प्रश्न येऊ लागला आहे आणि काही पालक तो आमच्याकडे घेऊन आले. तिकडच्या काही चर्चेसमध्ये भाविकांचीच सुरक्षा पथके उभी राहिली आहेत. काही जण परवाना असलेले पिस्तूल कमरेला लावून प्रार्थनेला बसतात. आपल्या मुलाने अशा पथकात नाव द्यावे का? ख्रिस्ती माणसाने देवाच्या घरात जाताना शस्त्र सोबत न्यावे का?

"छे, छे, आपला धर्म प्रेमाचा" असे म्हणून हा प्रश्न झटकता येणार नाही. विचारणाऱ्याच्या मांडीवर लहान मूल आहे. त्याला उत्तर हवे आहे, सुविचार नको.

भीती खोटी नाही

१७ जून २०१५ रोजी चार्ल्सटन येथील इमॅन्युएल चर्चमध्ये एक तरुण बायबल अभ्यासाला आला. तेथील कृष्णवर्णीय भाविकांनी त्या अनोळखी गोऱ्या तरुणाला आपल्यात बसवून घेतले. जवळपास तासभर तो त्यांच्यात बसला आणि नंतर त्याने नऊ जणांना ठार मारले. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज या छोट्या गावातील बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारच्या उपासनेच्या वेळी २६ जीव गेले. त्यांत एक जीव आईच्या उदरातील होता. २७ ऑगस्ट २०२५ रोजी मिनियापोलिस येथील अनन्सिएशन या कॅथोलिक चर्चमध्ये शाळेच्या मुलांची मिस्सा चालू होती. बाहेरून खिडक्यांतून गोळ्या आल्या आणि आठ व दहा वर्षांची दोन मुले बाकांवरच गेली.

आपल्या बाजूलाही हे दुःख आले आहे. २१ एप्रिल २०१९ च्या पुनरुत्थान रविवारी श्रीलंकेत कोलंबोचे संत अंतोनीचे मंदिर, नेगोंबोचे संत सेबास्टियन चर्च आणि बट्टिकलोआचे झायन चर्च येथे बॉम्बस्फोट झाले. त्या दिवशी चर्चेस व हॉटेले मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली. ओरिसातील कंधमाळ जिल्ह्यात २००८ साली काय घडले ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा ज्याला भीती वाटते त्याला आम्ही अल्पविश्वासी म्हणणार नाही. आपल्या प्रभूलाही गेथशेमानी बागेत भीती वाटली होती.

शस्त्राच्या बाजूने

प्रामाणिकपणे विचार करायचा तर विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मांडला पाहिजे. २९ डिसेंबर २०१९ रोजी टेक्सासमधील व्हाइट सेटलमेंट येथील चर्चमध्ये एका माणसाने उपासनेच्या वेळी बंदूक काढली. चर्चच्याच एका सशस्त्र स्वयंसेवकाने त्याला अवघ्या सहा सेकंदांत गोळी घालून पाडले. तो स्वयंसेवक नसता तर आणखी किती जण गेले असते कोण जाणे. त्याच वर्षी सप्टेंबरपासून टेक्सासने कायदा स्पष्ट केला होता की चर्चने मनाई केली नसेल तर परवानाधारकाला तेथे शस्त्र नेता येईल. ही घटना दाखवून लोक म्हणतात, "बघा, बंदुकीनेच चर्च वाचवले."

यात तथ्य आहे. पण सगळी हकिगत पाहिली पाहिजे. त्या सहा सेकंदांतही दोन भाविक गेले आणि त्यांतला एक त्याच सुरक्षा पथकातील सशस्त्र माणूस होता. शस्त्र कमरेला असूनही त्याला वेळ मिळाला नाही. हल्लेखोराकडे पथकाचे लक्ष आधीच गेले होते, कारण त्याचा वेश विचित्र वाटत होता. म्हणजे गोळीच्या आधी कोणाचे तरी डोळे उघडे होते. आणि त्याच माणसाला त्या चर्चने पूर्वी अन्नाची मदत केली होती, हेही तेथील पाळकांनी सांगितले. त्यांनी दया दाखवली, सावधगिरी बाळगली, शस्त्रही बाळगले, तरी दोन घरे उजाड झाली. शस्त्र असले की आपण सुरक्षित, इतके हे गणित सोपे नाही.

ख्रिस्तसभा काय शिकवते

एक गैरसमज दूर करू. ख्रिस्तसभेने स्वसंरक्षण हे पाप आहे असे कधी शिकवलेले नाही. मात्र तिच्या थोर आचार्यांनी यावर फार काळजीपूर्वक विचार केला आहे. संत ऑगस्टीनला एका पत्रातून हाच प्रश्न विचारला गेला होता. त्याचे मत कडक होते. सैनिक किंवा अधिकारी इतरांच्या रक्षणासाठी शस्त्र चालवत असेल तर गोष्ट वेगळी, पण खासगी माणसाने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा घ्यावा, हे त्याला पसंत नव्हते. आठशे वर्षांनंतर संत थॉमस अक्वायनसने अधिक बारकाईने पाहिले. एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, असे तो म्हणतो. माझा जीव वाचणे हा एक आणि हल्लेखोर मरणे हा दुसरा. माझा हेतू पहिल्याचा असेल आणि गरजेपेक्षा जास्त बळ मी वापरले नसेल, तर ते संरक्षण न्याय्य ठरते. पण "याला संपवायचेच" या हेतूने हात उचलला की गोष्ट बदलते.

आजची आपली अधिकृत धर्मशिकवण (परिच्छेद २२६३ ते २२६५) याच वाटेने जाते आणि आणखी एक पाऊल पुढे टाकते. इतरांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याच्यासाठी त्यांचे रक्षण करणे हा केवळ हक्क नसून गंभीर कर्तव्य आहे. आपल्या देशाचा कायदाही याच्याशी जुळतो. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेतही मान्य आहे आणि तेथेही मर्यादा हीच, की संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा.

येथे एक फरक लक्षात ठेवू. प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितले तो माझा गाल. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीचा किंवा पहिल्या बाकावरच्या मुलांचा गाल पुढे करण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. स्वतःचा प्राण अर्पण करणे हे पावित्र्य आहे. दुसऱ्याचा प्राण न विचारता अर्पण करणे हा निष्काळजीपणा आहे.

कँटरबरीचा आर्चबिशप संत थॉमस बेकेट याला मारायला राजाचे सरदार आले, तेव्हा त्याच्या माणसांनी कॅथेड्रलची दारे लावून घेतली. देवाच्या घराचा किल्ला करायचा नाही, असे सांगून त्याने दारे उघडायला लावली आणि तो तेथेच मारला गेला. ती तारीख होती २९ डिसेंबर ११७०. व्हाइट सेटलमेंटची घटना त्याच तारखेला, त्याच्या सणाच्या दिवशी घडली. बेकेटने धोक्यात घातला तो प्रामुख्याने स्वतःचा जीव, म्हणून तो संत. मिनियापोलिसच्या चर्चमध्ये मिस्सा सुरू झाली की दारे बंद करण्याची पद्धत होती, म्हणून हल्लेखोर आत शिरू शकला नाही आणि बरीच मुले वाचली. तेथे दार लावणे हेच प्रेम होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

बागेतील दोन तलवारी

शस्त्राचे समर्थन करणारे लूकच्या शुभवर्तमानातील बावीसावा अध्याय दाखवतात. शेवटच्या भोजनानंतर प्रभू शिष्यांना म्हणाला की ज्याच्याजवळ तलवार नाही त्याने अंगरखा विकून ती घ्यावी. शिष्यांनी लगेच आपल्याजवळच्या दोन तलवारी दाखवल्या आणि तो म्हणाला, पुरे. आता हिशेब करून पाहा. अकरा माणसांना दोन तलवारी आणि समोर मशाली व शस्त्रे घेऊन आलेला जमाव. ही संरक्षणाची तयारी होऊच शकत नाही. पुढे कठीण काळ येत आहे, एवढेच प्रभू सांगत होता आणि शिष्यांनी ते शब्दशः घेतले. म्हणून त्याने विषय तोडला.

मग बागेत काय झाले? पेत्राने तलवार काढली आणि महायाजकाच्या मल्ख नावाच्या चाकराचा उजवा कान तोडला. सैनिकाचा नाही, सरदाराचा नाही, एका चाकराचा! घाबरलेल्या माणसाच्या हातातील शस्त्र बहुधा असेच भलत्यावर पडते. प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली, तलवार उचलणाऱ्याचा शेवट तलवारीनेच होतो असे बजावले आणि तो कान बरा केला. क्रूसावर जाण्यापूर्वी त्याच्या हातून बरा झालेला शेवटचा माणूस त्याला पकडायला आलेला होता.

पण याच्याही आधीची एक गोष्ट आपण बहुतेक वेळा वाचून पुढे जातो. त्या रात्री प्रभूने शिष्यांकडे एकच गोष्ट मागितली होती. त्याने तलवार मागितली नव्हती. माझ्याबरोबर जागे राहा, एवढेच मागितले होते. तेवढे त्यांना जमले नाही. तलवार होती, पण डोळे मिटलेले होते. जो जागा राहिला नाही त्यालाच ऐन वेळी तलवार आठवली. आमच्या मते या सगळ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

जागा राहिलेला तरुण

पाकिस्तानातील लाहोर शहरात योहानाबाद नावाची ख्रिस्ती वस्ती आहे. तेथे संत योहानाच्या चर्चच्या फाटकावर आकाश बशीर नावाचा वीस वर्षांचा कॅथोलिक तरुण स्वयंसेवक म्हणून उभा राहत असे. त्याच्याजवळ बंदूक नव्हती. १५ मार्च २०१५ रोजी, उपवासकाळातील रविवारी, अंगावर स्फोटके बांधलेला एक माणूस आत घुसू पाहत होता. आकाशने त्याला ओळखले, मिठी मारल्यासारखे धरून ठेवले आणि आत जाऊ दिले नाही. स्फोट फाटकावर झाला. आकाश गेला, पण आत मिस्सासाठी जमलेले शेकडो लोक वाचले. २०२२ साली ख्रिस्तसभेने त्याला 'देवाचा सेवक' घोषित केले. संतपदाकडे जाणाऱ्या वाटेवरील ही पहिली पायरी आहे. बट्टिकलोआच्या चर्चमध्येही एका भाविकाला अनोळखी पाहुण्याच्या पाठीवरील पिशवीचा संशय आला. त्याने त्याला दाराबाहेर थांबवले आणि स्वतःचा प्राण गमावला.

पण योहानाबादमध्ये त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली आणि ती लपवणे योग्य नाही. स्फोटानंतर भडकलेल्या जमावाने केवळ संशयावरून दोन मुस्लिम माणसांना मारहाण करून जाळले. स्फोटाशी त्यांचा काही संबंध नव्हता. एकाच वस्तीत, एकाच दिवशी, ख्रिस्ती हातांनी दोन कामे केली. एका हाताने मृत्यूला मिठी मारून इतरांना वाचवले आणि बाकीच्या हातांनी निरपराधांना मारले. दोघांनाही चर्चचे रक्षणच करायचे होते. एक जण जागा होता, दुसरे रागाने आंधळे होते.

आपल्या हातात शस्त्र आले तर आपण यांपैकी कोण होऊ, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावा. उत्तर पटकन देऊ नये.

वेदीसमोर

आणखी एक गोष्ट आहे. मिस्साच्या वेळी आपण शेजाऱ्याला शांती देतो. ज्याने हात पुढे केला त्याच्या शर्टाखाली पिस्तूल आहे हे ठाऊक असेल, तर ती शांती कशी वाटेल? दारातून एखादा मळक्या कपड्यातला, अस्वस्थ चेहऱ्याचा माणूस आत आला तर त्याच्याकडे आपण पाप्याच्या, भुकेल्याच्या नजरेने पाहू की नेम धरल्यासारखे? ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार (नियम १२१०) पवित्र स्थळी उपासनेला, भक्तीला साजेल तेच असावे आणि स्थळाच्या पावित्र्याला न शोभणारे सर्व वर्ज्य आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याने धर्मगुरूंना, भीतीचे योग्य कारण नसेल तर, शस्त्र बाळगण्यास मनाई केली होती. अटलांटाचे त्या वेळचे आर्चबिशप विल्टन ग्रेगरी यांनी, २०१४ साली जॉर्जिया राज्याचा शस्त्रांचा कायदा सैल झाला तेव्हा, आपल्या चर्चेसमध्ये पोलीस व सैनिक वगळता कोणीही शस्त्र आणू नये असा निर्णय घेतला. आम्हाला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. रक्षण नको असे त्यांनी म्हटले नाही. रक्षणाचे काम ज्यांचे आहे, ज्यांना त्याचे शिक्षण आहे आणि ज्यांना जाब विचारता येतो, त्यांच्याकडे ते ठेवले.

कारण बहुतेक वेळा चूक दुसरीकडेच झालेली असते. सदरलँड स्प्रिंग्जच्या हल्लेखोराला घरातील हिंसाचाराबद्दल हवाई दलात शिक्षा झाली होती. ती नोंद हवाई दलाने पुढे कळवलीच नाही, म्हणून त्याला दुकानातून बंदुका विकत घेता आल्या. २०२१ साली न्यायालयाने यासाठी हवाई दलाला मोठ्या प्रमाणात जबाबदार धरले. श्रीलंकेतही हल्ल्याचे इशारे आधी मिळाले होते, पण ते दुर्लक्षित राहिले. त्याबद्दल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली माजी राष्ट्राध्यक्षांना नुकसानभरपाई द्यायला लावली. एक कागद वेळेवर पोचला असता तर शंभर पिस्तुलांपेक्षा जास्त काम झाले असते.

मग करायचे काय?

परदेशातील आपल्या मुलांना आम्ही असे सांगू. तेथील बिशपांचा नियम आधी विचारा आणि तो पाळा. कायदा परवानगी देतो म्हणून गुपचूप, एकट्याने शस्त्र घेऊन मिस्साला जाऊ नका. पॅरिशमध्ये सुरक्षेचे काम असेल तर त्यात आनंदाने नाव द्या. दारावर उभे राहा, प्रथमोपचार शिका, मुलांना बाहेर काढण्याची वाट माहीत करून घ्या. तेथील ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनी प्रशिक्षित माणसांवर सशस्त्र रक्षणाची जबाबदारी टाकली असेल, तर ती माणसे पापी नाहीत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. पण ते काम स्वतःहून ओढून घेऊ नका. आणि चर्चसाठी म्हणून घरात पिस्तूल आणणार असाल तर एवढे लक्षात ठेवा की चर्चमध्ये ते आठवड्याला एक तास असेल, उरलेला सगळा वेळ ते तुमच्या मुलांच्या सोबत घरात असेल.

आपल्याकडे हा प्रश्न पिस्तुलाचा नाही. येथे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा आहे. पण लाठ्या-काठ्यांना परवाना लागत नाही आणि अफवेला तर मुळीच नाही. कुठे चर्चवर दगड पडल्याची बातमी मोबाईलवर फिरते आणि आपले तरुण म्हणतात, "फादर, आम्हीही तयारीत राहतो." त्यांच्या प्रेमाबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. पण त्यांची तयारी आम्हाला वेगळी हवी आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आणि सणाच्या दिवशी फाटकावर पाळीने उभी राहणारी माणसे हवीत. बाजूची दारे गाड्या लावून अडवलेली नसावीत. बेवारस पिशवी दिसली तर हात न लावता कळवावे. पोलीस ठाण्याला कार्यक्रमाची आधी माहिती द्यावी. खात्री नसलेला संदेश पुढे पाठवू नये. आणि आपल्या गावातील इतर धर्मांच्या शेजाऱ्यांच्या सुखदुःखाला जाणे कधी सोडू नये. अडचणीच्या रात्री पहिला धावून येतो तो शेजारीच.

वसईच्या किल्ल्यात आपण जातो तेव्हा तेथील चर्चेस पाहतो. त्यांच्याभोवती जाड तटबंदी होती, तोफा होत्या, सैन्य होते. १७३९ साली किल्ला पडला. आत जी चर्चेस होती त्यांपैकी बहुतेकांच्या आज केवळ भिंती उभ्या आहेत आणि छपराच्या जागी आकाश आहे. पण तटाबाहेर, वाड्यांमध्ये, केळी-पानवेलीच्या मळ्यांमध्ये, जेथे ना बुरूज होता ना तोफ, तेथे आपल्या पूर्वजांनी संध्याकाळी जपमाळ म्हणणे सोडले नाही. ती श्रद्धा आजही जिवंत आहे. तिच्यामुळेच आपण या रविवारी येथे बसलो आहोत.

म्हणून, प्रिय बंधू-भगिनींनो, पुढच्या महिन्यापासून फाटकावर पाळीने उभे राहण्यासाठी नावे हवी आहेत. स्त्री-पुरुष दोघेही चालतील. मिस्सानंतर कार्यालयात नाव द्यावे. हातात काही आणायचे नाही. फक्त जागे राहायचे आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला, ओळखीच्या आणि अनोळखी, "या" म्हणायचे आहे.

हे प्रभू येशू, गेथशेमानीत तुझे शिष्य झोपले तसे आम्ही झोपू नये म्हणून आम्हाला जागे ठेव. आमच्या परदेशी असलेल्या मुलाबाळांना तुझ्या पंखाखाली राख. ज्यांची मुले मिस्साच्या बाकांवरून घरी परतली नाहीत त्यांचे तू सांत्वन कर. आमच्या हातातली तलवार आणि मनातला द्वेष दोन्ही काढून घे आणि ज्यांना आम्ही शत्रू समजतो त्यांनाही बरे करण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.

आपले धर्मगुरू